इवायाची गोडंबी

आमच्या घरात काजू आधी नाकाला लावतात आणि मग तोंडाला. परवा सुनेची मैत्रीण सुक्या मेव्याचा खोका घेऊन आली, तर माझ्या नातवानं तिच्यादेखत त्यातला अक्रोड हुंगला आणि "आजी, खवट आहे" असं जाहीर करून टाकलं. सून लाजेनं अर्धी झाली. मी वरवर त्याला दटावलं, पण आतून मला त्याचं कौतुकच वाटत होतं, कारण अक्रोड खरोखर खवट होता.

या बाबतीत माझं डोकं लवकर तापतं. गॅसच्या वरच्या फळीवर काचेच्या बरणीत शेंगदाणे भरून ठेवणाऱ्या बायका पाहिल्या की मला राहवत नाही. खालून आच, समोरून खिडकीतलं ऊन, आणि बरणी अर्धी रिकामी, म्हणजे आत हवाच हवा. दाण्यांनी करावं तरी काय? सून म्हणते, आई, लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बोलत जाऊ नका. मी बोलतेच. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत त्यामुळे मला चिवड्याची वाटी देताना बायका जरा घाबरतात.

हे वेड माझं स्वतःचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आम्ही गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. सासरे, सासूबाई, आमचे हे आणि मी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. आमचे हे चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे, त्यामुळे घरात राज्य या दोघांचंच होतं, आणि त्यातही मेव्याचं खातं पूर्णपणे मामंजींकडे होतं.

मामंजींचं घराणं शेतकऱ्याचं, पण ते कोवळ्या वयातच महसुलाच्या कचेरीत लागले होते. तेव्हा निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, कचेरीतले कागद उर्दूतून मराठीत आले, मामंजी तेवढे होते तिथंच राहिले. हिफाजत, अमानत, तजवीज असले शब्द त्यांच्या जिभेवर तसेच राहिले आणि शहागंजातल्या मेवेवाल्यांशी जमलेली दोस्तीही राहिली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, मामंजी शहागंजात जायचे. थंडी पडून नवा माल उतरला की अक्रोड कानाशी हलवून बघ, बदाम दाताखाली मोडून बघ, असं करत ते अख्खी सकाळ तिथं घालवायचे आणि जेवणाच्या वेळेला सायकलच्या हँडलला पिशव्या लटकवून घरी यायचे.

घरी आल्यावर खरा कारभार सुरू व्हायचा. मेवा आधी जुन्या धोतरावर सावलीत पसरायचा. मग तव्यावर अगदी मंद आचेनं थोडा थोडा फिरवायचा, ओल निघण्यापुरता. रंग बदलता कामा नये. मग तो पुरता थंड होऊ द्यायचा, आणि तिथं मामंजींचा कडक पहारा असे. कोमट भरलं की डब्याला आतून घाम येतो, हे त्यांनी मला पहिल्याच हिवाळ्यात इतक्या वेळा सांगितलं की मी स्वप्नातही सांगू शकले असते. डबे दुधाच्या पावडरीचे, लहान लहान. मोठ्या डब्यात एकदम भरायचं नाही, कारण मोठा डबा रोज उघडला जातो आणि रोज हवा खातो. भरायचं ते काठोकाठ, आणि झाकण लावलं की मेणबत्ती पेटवून कडेनं मेण ओतायचं. मग ते डबे आतल्या खोलीतल्या ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात, विटांवर. माळ्यावर नाही, कारण वर पत्रा. स्टोव्हजवळ नाही, मोरीजवळ नाही, आणि लसणाच्या टोपलीशेजारी तर नाहीच नाही. अक्रोडाला मात्र ते डबा द्यायचे नाहीत. त्याला देवानं डब्यासकट पाठवलंय, आपण कशाला दुसरा द्यायचा, असं म्हणून ते त्याला कवचासकट गोणपाटात ठेवायचे.

या सगळ्या थाटात एकच गोम होती. मामंजींना वास येत नव्हता. आयुष्यभर ओढलेल्या तपकिरीनं त्यांचं नाक कामातून गेलं होतं. खवटपणा त्यांना कळायचा तो जिभेवर, म्हणजे डबा वाया गेल्यावर. गल्लीभर मेव्याचे जाणकार म्हणून मिरवणाऱ्या माणसाला नाक नाही, ही गोष्ट आत्याबाई प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगायच्या आणि मामंजी तितक्याच आवर्जून चिमूटभर तपकीर ओढायचे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि माझं नाक भलतंच तिखट झालं. गल्लीच्या तोंडाशी कुणाची डाळ करपली तरी मला आमच्या खोलीत कळायचं. मला त्याचा ताप होता, मामंजींना मात्र घबाड सापडलं. ते डब्याचं झाकण किलकिलं करून माझ्यापुढं यायचे आणि अदबीनं म्हणायचे, "सूनबाई, एकदाच."

"पोरीला उलट्या होऊ लागल्यात," आत्याबाई ओरडायच्या, "अन् तुम्ही तिच्या नाकाखाली काजू काय धरू लागलात?"

"काजूनं उलटी होत नाही. खवट काजूनं होते. म्हणजे उलटी झाली तरी आपल्याला कळेलच की."

मला हसू यायचं. आई मी शाळेत असतानाच गेली होती, घरात भावंड नव्हतं, त्यामुळे कुणी आपल्यामागं असं लुडबुडत फिरावं याची मला सवयच नव्हती. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं.

माझे वडील, म्हणजे दादा, सिल्लोडच्या पुढं एका खेड्यात एकटेच राहायचे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असा आमच्यात रिवाज. पण माहेरी बाईमाणूस नाही, गावात डॉक्टर नाही, म्हणून दोन्ही घरांनी मिळून ठरवलं की बाळंतपण शहरातच, सासरी करायचं. बैठकीत दादांनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा मी दाराआडून पाहिला होता. लेकीचं एवढं एक करायचं होतं आणि तेही आपल्याच्यानं होत नाही, असा तो चेहरा होता. उठताना ते एवढंच म्हणाले, "बाळंतपण इथं करा. डिंकाचे लाडू मात्र माझ्या घरच्या मेव्याचे व्हतील."

दादांची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, असं आमच्याकडं जुनी माणसं पाळायची. दादा तर पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. सकाळच्या एसटीनं यायचे, खाटेच्या कडेवर बसायचे, मला डोळे भरून बघायचे आणि दुपारच्या गाडीनं परत जायचे. मे महिन्यात आले तरी तेच. बस स्टँडवरच्या नळावर पाणी पिऊन यायचे आणि जाताना पुन्हा तिथंच प्यायचे. मामंजी वैतागायचे. व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात. "इवाई, माझ्या माठानं तुमचं काय घोडं मारलंय?" असं ते विचारायचे. दादा नुसते हसायचे. मला मात्र ते स्टँडवरचं पाणी डाचायचं. स्वतःच्या घरात माठ भरलेला असताना बाप कोरड्या घशानं उठून जातो, हे मला सहन होत नसे.

संक्रांतीला दादा आले ते पांढऱ्या मांजरपाटाचं एक गाठोडं घेऊन. आत खारीक, खोबरं आणि डिंक होता, पण खरा ऐवज होता तो गोडंबीचा. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला दाणा. तो चवीला बदामाच्या जवळ जातो, आणि आमच्या भागात त्याच्यावाचून बाळंतिणीचा लाडू होत नाही. पण बिब्ब्याच्या सालीतलं तेल अंगाला लागलं की फोड उठतात, बिब्बा उततो. म्हणून हाताला राख चोळायची, दगडानं एकेक बिब्बा फोडायचा आणि दाणा अलगद काढायचा. दादांनी दिवाळीपासून ओसरीवर एकट्यानं बसून ते काम केलं होतं. त्यांच्या बोटांची साल गेली होती आणि नखं काळी पडली होती.

गाठोडं त्यांनी दोन्ही हातांनी मामंजींना दिलं. "इवाई, तुमच्या हवाली. मेवा तुमच्यावानी कुणी सांभाळीत नाय म्हणत्यात. लेकरू झालं की मी ह्या घरी पहिला घास खाईन, तो ह्याच लाडवाचा."

 मामंजींनी गाठोडं कपाळाला लावलं. त्या दिवसापासून आमच्या घरात दादांच्या गाठोड्याला देव्हाऱ्याच्या खालोखाल मान मिळाला.

दादा गेल्यावर आत्याबाई साधी गोष्ट बोलल्या. "सोडा ते, अन् तुमच्या डब्यात भरून मेण लावून टाका."

"सोडायचं नाही," मामंजी म्हणाले. "अमानत आहे ती. इवायानं स्वतःच्या हातानं गाठ मारून दिली, ती त्यांच्यासमोरच सुटेल. दुसऱ्याची अमानत उघडून बघणारा माणूस मी नाही."

मग ठेवायचं कुठं? विटांवर डब्यांच्या रांगेत इवायाचं गाठोडं ठेवणं मामंजींना कमीपणाचं वाटलं. घरात जे सगळ्यात मोलाचं असेल ते लोखंडी कपाटात जायचं. आत्याबाईंचा शालू तिथं, मामंजींची हिमरूची शाल तिथं, माझे दागिने तिथं. गाठोडं शालूच्या घडीवर ठेवून मामंजींनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. सगळ्या गल्लीला त्यांनी ते सांगितलं. आम्हा तिघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

उन्हाळा आला. औरंगाबादचा उन्हाळा म्हणजे दुपारी फरशीवर पाय ठेवायला नको आणि संध्याकाळी भिंतींना पाठ टेकायला नको. मामंजी एकेक डबा पुढं आणायचे, मी हुंगायची, आणि "ठीक आहे" म्हटलं की ते पुन्हा मेण लावायचे. सारखे उघडून बघता म्हणूनच बिघडतील, असं आत्याबाई म्हणायच्या, आणि ते खरंही होतं, पण तेवढं करमणुकीचं दुसरं साधन मामंजींकडं नव्हतं. तरी विटांवरचा कोपरा इतका गार होता की त्यांचे बदाम, काजू, पिस्ते सगळे धड राहिले. माझा नववा महिना जवळ आला होता, मामंजी खुशीत होते, आणि कपाटाला तर उघडायचं कारणच पडलं नव्हतं.

ते कारण पडलं वैशाखात. नात्यात लग्न निघालं आणि आत्याबाईंना शालू हवा झाला. मामंजींनी कपाट उघडलं. मी पलीकडच्या खोलीत कांदा चिरत होते, आणि कांद्याच्या वासातूनही मला तो दुसरा वास आला. डांबराच्या गोळ्यांचा. कपड्यांना कसर लागू नये म्हणून आत्याबाई दर वर्षी मूठभर गोळ्या कपाटात टाकायच्या. शालू त्या वासात वर्षानुवर्षं राहत होता, त्याचं काही बिघडत नव्हतं. मी धावतच आले आणि गाठोडं नाकाशी धरलं.

मामंजी माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना काहीच कळत नव्हतं, फक्त माझा चेहरा दिसत होता. "सूनबाई," ते म्हणाले, "काय आहे?"

 मी गाठोडं आत्याबाईंच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला आणि गाठोडं मामंजींपुढं ठेवलं.

ती गाठ शेवटी दादांच्या माघारीच सोडावी लागली. गोडंबी दिसायला पांढरी, टणक, कीड नाही, बुरशी नाही. पण तेलकट दाण्याला शेजारचा वास धरायची खोड असते, आणि इथं तर चार महिन्यांचा शेजार होता. मामंजींनी एक दाणा तोंडात टाकला आणि आत्याबाईंनी तो ओरडून थुंकायला लावला, कारण डांबरगोळी म्हणजे विषच. खोबऱ्यानं तर इतका वास ओढला होता की ते बाहेर गल्लीत ठेवावं लागलं. मामंजींनी आशा सोडली नाही. सगळं शेजारच्या वाड्याच्या गच्चीवर पसरलं, दिवसभर वाऱ्यावर ठेवलं, स्वतः छत्री घेऊन राखण करत बसले. एक खार आली, तिनं दाणा उचलला, फिरवून बघितला आणि तिथंच ठेवून गेली. त्यानंतर मामंजी जिना उतरून खाली आले.

मी त्या दिवशी खूप रडले. मेव्यासाठी नाही, दादांच्या बोटांसाठी.

आत्याबाई व्यवहारी माणूस. "तुमचे डबे भरलेले हायेत," त्या म्हणाल्या. "बाजारात गोडंबी मिळंल ती आणा अन् करू लाडू. बदामाला काय माहेर अन् सासर कळतंय?"

"बदामाला कळत नाही," मामंजी म्हणाले. "इवायाला कळतं."

"त्यांना कोण सांगायला जाणार हाय?"

"मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपी घालून निघाले. डोक्यावर वैशाखाचं ऊन, त्यांचं वय झालेलं, सिल्लोडपर्यंत एसटी आणि पुढं मिळेल ते वाहन. मी नको म्हणाले, आमचे हे म्हणाले मी जातो, पण ते ऐकेनात. माझ्या हवाली केलं होतं, मीच सांगितलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. संध्याकाळी ते परतले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आत्याबाई वरून शांत होत्या, पण भाकरी थापताना त्यांचं लक्ष दाराकडं असायचं. मला वाटायचं, दादा रागावले असतील. मग वाटायचं, रागावले तरी बरं, मनात ठेवलं तर वाईट. लाडू तर गेलेच होते, आता त्या दोघांमध्ये काही उरतं की नाही याची मला धास्ती लागली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामंजी दारात उभे राहिले. आधी मला त्यांचं नाक दिसलं. ते लाल होऊन टम्म सुजलं होतं आणि शेंड्यावर फोड आला होता. बोटंही सुजली होती. त्या बोटांत एक डबा होता, आणि हा माणूस हसत होता.

"बिब्बा उतला," ते म्हणाले. "आधी खोबरेल द्या, मग सांगतो."

आत्याबाई त्यांच्या नाकाला तेल चोळत होत्या आणि ते सांगत होते. गावी गेल्यावर मुलाचा बाप म्हणून त्यांचं जंगी स्वागत झालं. पाय धुवायला पाणी, बसायला घोंगडी, समोर ताट. मामंजींनी ताट बाजूला सारलं. ते म्हणाले, इवाई, आधी ऐका, मग वाढा. आणि त्यांनी सगळं सांगितलं, गाठ का सोडली नाही तेही.  दादांनी विचारलं, "डांबराच्या गोळ्या टाकल्या व्हत्या?"

"होय."

"मंग कसर तरी लागली नाय ना गोडंबीला?"

आणि दादा हसायला लागले. ते इतके हसले की शेजारची माणसं ओट्यावर जमा झाली. "मी आधी घाबरलो," मामंजी मला म्हणाले. "मला वाटलं इवायाला झटका आला."  आई गेल्यापासून दादांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि पाहायला मिळालं ते मामंजींना, याचा मला थोडा हेवाच वाटला.

जेवण झाल्यावर मामंजींचा मूळ स्वभाव जागा झाला. दुसऱ्याचं धान्य कसं ठेवलंय हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला, आत गारवा आहे का ते बघायला, आणि हाताला काहीतरी टणक लागलं. काढून बघतात तो बिब्बा. धान्यात किडे होऊ नयेत म्हणून आमच्याकडं बिब्बे टाकून ठेवतात. दादा कितीतरी वर्षं टाकत होते आणि त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. मामंजींनी तो उंबऱ्यावर ठेवून फोडला. आत गोडंबी, पांढरी, ताजी, जशीच्या तशी.

"तिला डब्यासकट ठेवलं होतं तिथं ती राहिली," मामंजी आम्हाला सांगत होते. "आम्ही सोलली, गाठोड्यात बांधली, कपाटात घातली, एवढा मान दिला, आणि घालवली."

मग दोघा इवायांनी दादांच्या सगळ्या कणग्या उपसल्या. त्या पुरल्या नाहीत तेव्हा शेजाऱ्यांच्या उपसल्या. मागताना कारण सांगायचं म्हणून दादांनी डांबरगोळीची गोष्ट प्रत्येक घरी नव्यानं सांगितली आणि मामंजी प्रत्येक घरी खाली मान घालून उभे राहिले. नंतर दोघं ओसरीवर हाताला राख चोळून बसले. दादा फोडायचे, मामंजी दाणा काढायचे. जन्मभर टाक आणि दौत धरलेला तो हात, पण त्यांना वाटलं आपल्याला जमलं. मधेच सवयीनं त्यांनी कनवटीची डबी काढली आणि त्याच बोटांनी तपकीर ओढली.

"त्याच बोटांनी?" आत्याबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"नाकाला सवय झाली होती हो. तसं ते कामाचं नव्हतंच."

आम्ही तिघं इतकं हसलो की मला पोट धरून बसावं लागलं आणि आत्याबाई घाबरून माझ्याकडं धावल्या. डबा मी उघडला. यावेळी दादांनी गाठ मारली नव्हती, नुसतं झाकण लावून दिलं होतं. मी वास घेतला. गोड, दुधट, किंचित राखेचा. "ठीक आहे," मी म्हणाले, आणि मामंजींनी सुजल्या बोटांनी मेणबत्ती शोधायला सुरुवात केली.

बाळंतपण अलगद पार पडलं. मुलगी झाली. दादा निरोप मिळताच दवाखान्यात आले, नातीला मांडीवर घेतलं, पण तोंडात काही घातलं नाही. दवाखाना म्हणजे काही लेकीचं घर नव्हे, असं त्यांचं म्हणणं. लाडू आत्याबाईंनी वळले. गोडंबी दादांची, बदाम आणि काजू मामंजींचे, खारीक आणि डिंक सिल्लोडच्या बाजारातून दादांनी पुन्हा पाठवलेले. गोडंबी तुपात परतताना घरभर जो वास सुटला तो मला आजही नुसत्या आठवणीनं येतो. मामंजी कढईशेजारी पाट घेऊन बसले होते. त्यांना वास येत नव्हता, म्हणून दर थोड्या वेळानं ते मला विचारायचे, "कसा आहे?" आणि मी सांगायची, "चांगला आहे, मामंजी." त्यांचं समाधान होईना. "नीट सांग, सूनबाई, कशासारखा आहे?" मग मला खरंच नीट सांगावं लागलं. तापलेल्या दुधासारखा, मी म्हणाले. मग लगेच, नाही, त्याहून दाट. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

बारशाला दादा आले. या वेळी ते खाटेच्या कडेवर नाही, भिंतीला टेकून मांडी घालून बसले. आत्याबाईंनी ताटलीत लाडू ठेवला. मामंजी समोर बसले, त्यांच्या नाकावरची खपली अजून पडायची होती.  दादांनी लाडू फोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आधी तू." मी खाल्ला. मग त्यांनी खाल्ला, सावकाश, सगळा.

मामंजींना राहवेना. "इवाई, कसा आहे?"

दादांनी विचार केला. "खारीक जरा जास्त झाली," ते म्हणाले. "गोडंबी झ्याक हाय."

मामंजींनी इतका मोठा श्वास सोडला की पाळण्यात मुलगी दचकली. आत्याबाई पाणी आणायला उठल्या, तर दादांनी त्यांना हातानं थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. "माय, तू दे पाणी."

मी माठातून तांब्या भरून दिला. थोडं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. ते मान वर करून एका दमात घटघट प्यायले. मग मिशा पुसल्या आणि रिकामा तांब्या माझ्यापुढं धरला.

"अजून दे."